विमानाआधीची रंगीत तालीम

"रुखवत मांडलंयस की काय?" पलंगभर पसरलेले कपडे बघून ह्यांनी विचारलं. तिकिटं जानेवारीची होती, लेकीकडे लंडनला जायचं होतं आणि डिसेंबर निम्मा उलटला तरी विमानात घालायचं काय, हे माझं ठरत नव्हतं. बँकेत 32 वर्षं नोकरी केली ती साडी नेसून, तेव्हा पहिला विचार साडीचाच. लेकीचा मात्र फोनवर एकच धोशा, "आई, ट्रॅक पॅन्ट घाल आणि मोकळी हो." ट्रॅक पॅन्ट मी घालते, पण ती सकाळी आमराईत फिरायला जाताना. विमानतळावर नात मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला उभी राहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यात आमराईतून थेट उचलून आणल्यासारखं दिसायची माझी तयारी नव्हती.

शिवाय एका कपड्यात चार हवामानं काढायची होती. सांगलीहून रात्रीची एसी बस, मग ठाण्यात नणंदेकडे घामाचा एक दिवस, पहाटे अडीचचं विमान, त्यात साडेनऊ-दहा तासांची बैठक आणि उतरल्यावर लंडनची थंडी.

माझा भाचा विमानांच्या देखभालीच्या कामात आहे. तो म्हणाला, "मावशी, आरशासमोर उभी राहून कपडा निवडू नकोस, खुर्चीत बसून निवड." मग त्याने नीट समजावलं. विमान कितीही उंच उडालं तरी आतला हवेचा दाब साधारण 6 ते 8 हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे साडेपाच हजार फुटांच्या खालीच. थोडक्यात, आपण कळसूबाईच्याही वर तासन् तास बसलेलो असतो. दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो, आणि पाय हलत नाहीत म्हणून रक्त-पाणी खाली साठून पावलं सुजतात. घरून निघताना बरोब्बर बसणारा कपडा पाच तासांनी बरोब्बर बसत नाही तो यामुळे.

सांगली पडली नाट्यपंढरी. म्हटलं, रंगीत तालीमच करू. रोज दुपारी एकेक पोशाख चढवायचा आणि जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत तीन तास बसायचं. उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं. शेंगा सोलायला घेतल्या की वेळ जातो.

पहिला मान मलमलच्या साडीचा. पहिला तास झकास गेला. दुसऱ्या तासाला परकराची नाडी कमरेत रुतायला लागली, आणि इथे तर पोट फुगलेलंही नव्हतं. तरी मी रेटलं असतं, पण पूर्वी एकदा दिल्लीला जाताना विमानातलं टॉयलेट पाहिलं होतं. आमच्या देवघरापेक्षा लहान, खाली जमीन ओली, एका हातात निऱ्या आणि विमान हलतंय. साडी बाद झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

लेगिंग्ज गुडघ्यामागे आवळतात आणि माझ्या पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत, म्हणून त्याही बाद. लिननची पॅन्ट तासाभरात गाईने चघळल्यासारखी झाली. पॉलिएस्टरला चुणी पडत नाही, पण त्यात घाम जिरत नाही. त्यात भाच्याने सांगून ठेवलेलं, आग लागली तर असलं कापड वितळून अंगाला चिकटतं. असं काही घडणं दुर्मीळच, पण एकदा डोक्यात बसलं ते बसलं. शेवटी जाड सुती होजिअरीची, सरळ पायाची काळी पॅन्ट जिंकली. कमरेला रुंद इलॅस्टिक असूनही लांबून ती ऑफिसच्या पॅन्टसारखी दिसते. वर मांडीपर्यंतचा मऊ सुती कुर्ता.

हे सगळं सोयीचं झालं. पण नात? व्हिडिओ?

तेव्हा ट्रंकेत पडून असलेला गुळेदगुडचा खण आठवला, गर्द हिरवा, मरून काठाचा. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या खणाची फक्त चोळी शिवली. मी गणपती पेठेतल्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे जाऊन त्याचं बिनबाह्यांचं लांब जॅकेट शिवायला टाकलं. शिंपी म्हणाला, "ताई, हात वर करा, डब्यात बॅग ठेवताय असं." केले, तर मुंढ्यात काचलं. खणाला अजिबात ताण नसतो. त्याने मुंढा उसवून अर्धा इंच मोकळा केला, अस्तर लावलं आणि आतून पासपोर्टच्या मापाचा बटणाचा खिसा दिला. पर्समध्ये पासपोर्ट शोधण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळे जॅकेटपेक्षा त्या खिशाचंच मला जास्त कौतुक.

डॉक्टरांनी शिरांसाठी गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज घालायला सांगितले. त्याचं माप सकाळी, पाय सुजायच्या आत घ्यायचं. बूट मात्र उलट, संध्याकाळी पाय भरलेले असताना घ्यायचे. मी पांढरे, नाडीचे घेतले. कोल्हापुरी चप्पल बॅगेत गेली.

एवढी तालीम करूनही माती खाल्लीच. लंडनच्या थंडीच्या धास्तीने कुर्त्याच्या आत थर्मल ठाण्यातूनच चढवून निघाले. मुंबई विमानतळावर रांगेत उभी राहिले तोवर पाठीवरून घामाच्या धारा. शेवटी बाथरूममध्ये जाऊन काढलं आणि बॅगेत कोंबलं. थंडीचे कपडे अंगावर नव्हे, हातावर घेऊन निघायचे असतात, हे मला तेव्हा कळलं. सुरक्षा तपासणीत माझ्या पाटल्या वाजल्या. त्या आता साबण लावूनही निघत नाहीत. पडद्याआड बाईंनी यंत्र फिरवून पाहिलं, दोन मिनिटांत सोडलं. पिन मात्र अंगावर एकही नव्हती, साडी असती तर सहा निघाल्या असत्या.

विमानात आईची जुनी लोकरी शाल कामी आली. पांघरुणावरून पट्टा लावायचा म्हणजे झोपेत कोणी उठवत नाही, ही युक्ती हवाई सुंदरीनेच सांगितली. आतली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, म्हणून जॅकेटच्या खिशात व्हॅसलीनची छोटी डबी होती. कॉफी सांडली ती नेमकी काळ्या पॅन्टवर, कुणाला दिसली नाही.

आणि हे? ह्यांनी तालमीला साफ नकार दिला होता. नवी जीन्स, नवा पट्टा, नवे लेदरचे बूट. मध्यरात्रीनंतर पट्टा सुटला, मग जीन्सचं बटण, आणि ते झाकायला माझी शाल गेली. हीथ्रोला उतरताना सुजलेले पाय बुटात जाईनात. टाचा मोडून, बुटांच्या सपाता करून, इमिग्रेशनपर्यंतची ती लांबलचक वाट हे फरफटत चालले. नातीने व्हिडिओ काढला. त्यात माझं जॅकेट छान दिसतंय, पण सगळे पुन्हा पुन्हा बघतात ते ह्यांचे बूट.

परतीच्या आठवडाभर आधी ह्यांनी इलॅस्टिकची काळी पॅन्ट आणली. मला न सांगता, नातीला घेऊन जाऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर ती घालून खुर्चीत बसलेले, समोर घड्याळ.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"पावणेदोन तास," हे म्हणाले. "चहा इथेच आण."