केंतो नव्हे, कागद

एकाच चित्राच्या वीस छापील पानांचा संच. चौदा पानं चोख आली. पंधराव्यापासून पुढच्या सहाही पानांवर रेघ रंगापासून सुटलेली: कागी या खाचेत टेकणाऱ्या कोपऱ्यात बरोबर, पलीकडच्या कडेला दीड मिमी फट.

काम दोन माध्यमांचं. आधी मोकुहांगा, म्हणजे जपानी लाकूडठसा छपाई: शिना या मऊ लाकडाच्या प्लायचे तीन कोरलेले ठोकळे, पाण्याचा रंग आणि चिमूटभर नोरी, म्हणजे तांदळाची खळ, ब्रशनं पसरायची, ओलसर कागद ठेवून पाठीवरून बारेन, म्हणजे चपटी गोल गादी, घासायचा. नोरी कमी पडली की रंग तिळासारखा दाणेदार उमटतो. आकाशाचा प्रशियन ब्लू फिका होत जावा, म्हणजे बोकाशी साधावी, म्हणून ठोकळ्याचा तेवढा भाग आधी ओल्या फडक्यानं पुसायचा. पानं वाळली की पुन्हा जेमतेम दमट करून एचिंग प्रेसवर, म्हणजे रुळाच्या छापयंत्रावर, ड्रायपॉइंटच्या, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर सुईनं ओरखडलेल्या, रेघा.

सहकाऱ्यानं लगेच पटाशी उचलली; पुढच्या छपाईसाठी केंतो नव्यानं कोरू म्हणाला. केंतो म्हणजे ठोकळ्यावरच्या दोन खाचा, काटकोनी कागी आणि सरळ हिकित्सुके. कागद त्यांत टेकवून खाली सोडायचा. काही बिघडलं की आधी खाचांवर हत्यार चालवायचं, ही घाई मला पटत नाही. केंतो सरकला असता तर फट चित्रभर सारखी असती. इथे ती कोपऱ्यापासून वाढत गेली होती. म्हणजे जागा नव्हे, माप बदललेलं.

उरलेल्या कोझो कागदातून, म्हणजे तुतीच्या सालीच्या जपानी हातकागदातून, एक उभी, एक आडवी अशा 30 सेंमीच्या पट्ट्या कापून भिजवल्या. एक 1 मिमी वाढली, दुसरी 3. हातकागद करताना साचा हलतो आणि धागे बरेचसे एका दिशेनं बसतात. भिजला की कागद धाग्यांना आडवा जास्त फुगतो. ताव वाया जाऊ नये म्हणून ती सहा पानं मीच आडवी कापली होती. रंग फुगलेल्या कागदावर बसला, वाळताना ही सहा लांबीला जास्त आखडली. प्लेटवरचं चित्र मात्र उभ्या कापलेल्या, वाळलेल्या प्रूफवरून, म्हणजे चाचणीच्या छापावरून, उतरवलेलं.

कागद घेताना सगळे वजन विचारतात, धाग्याची दिशा कुणीच नाही. विकणाराही तावावर खूण करत नाही. आता कापण्याआधीच पेन्सिलीनं बाण काढते.

सहा पानं पुन्हा छापणं जमणार नाही. सुईनं तांबं ओरखडताना रेघेच्या काठाला जी कोर उठते तिच्यात शाई धरून मखमली काळा येतो, आणि वीस वेळा प्रेसखालून गेल्यावर ती कोर दबली आहे. संच चौदाच पानांचा धरून तसे क्रमांक घातले. त्या सहांवर बोकाशी सगळ्यांत सुरेख उतरली आहे. ती अजून ब्लॉटरांत, म्हणजे टीपकागदांत, ठेवली आहेत.