आमची वाटचाल : लाल मुठीचा क्रिम्पर आणि एक्सपीचा डबा

१९९८ साली कोल्हापुरात, शाहूपुरीत, दहा बाय बाराच्या गाळ्यात मी आणि माझ्या आत्तेभावानं कॉम्प्युटर आणि नेटवर्कच्या कामाचं दुकान टाकलं. तेव्हा लॅन (ऑफिसातले कॉम्प्युटर जोडणारं जाळं) म्हणजे काळी कोअ‍ॅक्स केबल, बीएनसी कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. कुणी खुर्ची सरकवताना वायर उचकटली की सगळं ऑफिस ठप्प. आत्तेभाऊ दोन वर्षांत बँकेत लागला. जाताना लाल मुठीचा क्रिम्पर, म्हणजे वायरीला प्लग दाबून बसवायची पक्कड, ठेवून गेला, तो मी अजून वापरतो. प्लगमधल्या आठ तारांचा क्रम : नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागल्याशिवाय मी शिडीवरून खाली उतरत नाही. हल्लीची पोरं दिवे बघत नाहीत, थेट पिंग मारून पलीकडून उत्तर येतं का बघतात. असो.

पुढची पंधरा वर्षं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचे करार), टोनर, टॅली आणि यूपीएसच्या बॅटऱ्या. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं आहे ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीबद्दल, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याबद्दल. साठेक कॉम्प्युटर, माझं जवळजवळ निम्मं उत्पन्न. तिथं प्रत्येक खात्याचा संसार वेगळा. अकाउंट्सला टॅली, साच्याचे नमुने बनवणाऱ्या पॅटर्न शॉपला ड्रॉइंगचं कॅड. डिस्पॅचच्या क्लार्कनं स्वतः बांधलेली एक्सेल, तिच्या ६५,५३६ ओळी संपल्या तेव्हा गड्यानं शांतपणे दुसरी फाइल उघडली. लॅबमध्ये स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणारं यंत्र, आणि त्याला जोडलेला विंडोज एक्सपीचा डबा, म्हणजे जुना पीसी. मी कुणाला अडवलं नाही. ज्याच्या हाताला जे बसलंय ते त्याला वापरू द्यावं, हे माझं धोरण.

ते मला भोवलं. २०१६ च्या डिसेंबरात परचेसवाल्यांनी कुणाला न विचारता बाजारातून एक वायफाय राउटर आणला आणि त्याच्या लॅन पोर्टची वायर भिंतीतल्या जॅकमध्ये खुपसली. तो पठ्ठ्या सगळ्या फॅक्टरीला आपलेच आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) वाटत सुटला. टॅली बंद, प्रिंटर बंद, गेटवर चलनाविना तीन ट्रक. शोधायला मला साडेचार तास लागले. कपाटामागे सापडला. राउटर कुणी आणला हे कुणी विचारलं नाही. नेटवर्क कुणाचं, एवढंच विचारलं.

मार्चअखेर एएमसी रिन्यू झाली नाही. धाकटे मालक म्हणाले, ‘काका, आता सगळं सेंट्रलाइज करतोय.’ पुण्याची कंपनी आली. एक सर्व्हर, एक डोमेन (सगळ्यांचं लॉगिन एकाच जागेवरून), यूएसबी बंद, तक्रार असेल तर पोर्टलवर तिकीट. माझी दोन पोरं मला कमी करावी लागली, गाळ्याचं भाडं तीन महिने थकलं. खरं सांगायचं तर त्यांचा बॅकअप माझ्यापेक्षा चांगला होता. पण डिस्पॅचच्या गड्याला एक कॉलम वाढवायला चार दिवस आणि दोन मंजुऱ्या लागू लागल्या, तेही खरं.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच बंद केला होता, त्यामुळं पुणेकरांची भीती खोटी नव्हती. त्यांनी फर्मान काढलं, एक्सपी दिसेल तिथून उचला. लॅबचा डबाही उचलला, डिस्क पुसली, जागी नवा कोरा विंडोज १० चा पीसी. त्यात स्पेक्ट्रो जोडायच्या कार्डाला स्लॉट नाही, आणि असता तरी ६४-बिट विंडोजवर ३२-बिटचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) चढत नाही. लॅबला कुणी विचारलंच नव्हतं.

रात्री सव्वादहाला लॅबच्या काकांचा फोन. १९९९ पासूनचा माणूस, माझ्या पहिल्या बिलावर ‘काम समाधानकारक’ लिहून सही करणारा. ‘अहो, स्पेक्ट्रो बोलंना. मेटल हाय भट्टीत. या लवकर.’

माझ्या कपाटात त्या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, होता. दर दिवाळीला मी तो ताजा करायचो. डबा मात्र भंगारात गेला असणार, असं धरूनच निघालो. पोचलो तर काकांनी तो सँड लॅबच्या टेबलाखाली पोत्यानं झाकून ठेवलेला. कार्डासकट. डिस्क चढवली, बारा चाळीसला स्क्रीन आला. आर्गन सोडला, काकांनी चिल, म्हणजे धातूचा नमुना, घासली, बर्न (तपासणीची ठिणगी) दिला, मग दुसरा. निकालाची वाट बघत इतका वेळ होल्डिंगवर, म्हणजे भट्टीत वितळलेलं, राहून मेटलमधला कार्बन खाली आला होता. काका काही न बोलता बाहेर गेले आणि कार्बन वाढवणाऱ्या कार्ब्युरायझरची गोणी फोडली.

दिवाळीच्या आत अर्धं काम परत आलं. सर्व्हर, लॉगिन, इंटरनेट, बॅकअप पुण्याकडं. लॅब, पॅटर्न शॉप आणि डिस्पॅच माझ्याकडं. लॅबच्या डब्याला लॅनची वायरच नाही, निकालाची प्रिंट निघते आणि तो आकडा सर्व्हरवर हातानं चढतो. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. या धंद्यात नव्यानं उतरलेल्या पोरांनो, प्रत्येक खात्यात एक वही ठेवा : काय आणलं, कुणी आणलं, पासवर्ड कुणाकडं. आणि भिंतीतले रिकामे जॅक नेटवर्कच्या स्विचकडून काढून ठेवा. माझ्या वहीत परचेसचा तो राउटर असता तर हे पान लिहावंच लागलं नसतं.

त्या रात्रीचं मी १५०० रुपयांचं व्हिजिटचं बिल लावलं होतं. ते परत आलं. वर पेन्सिलीनं लिहिलेलं : पोर्टलवर तिकीट नाही.