यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचं इंजिन घरी जोडताना

टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो तो खालचा डबा, हा पंपच. कार्ब्युरेटरमधून आलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी तिथे दाबलं जातं आणि मगच सिलिंडरमध्ये चढतं. म्हणून जोडणीत माझा सगळ्यात जास्त वेळ कुठूनही हवा गळणार नाही हे बघण्यात गेला.

क्रँकची बेअरिंगं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली. क्रँककेस रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवला आणि गॅसवरच्या जाड तव्यावर तापवला. पाण्याचा थेंब चुरचुरला, की बेअरिंग हाताने बसतं. हातोडी मारावी लागली तर केस अजून थंड आहे. ऑइल सील मात्र केस निवल्यावर बसवायचे, स्प्रिंगची बाजू क्रँककडे. केसच्या जोडावर सीलंटचा पातळ थर पुरतो, जास्त लावलं तर आत ओघळतं.

पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. पिस्टनची रिंग आधी बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली: ०.१५ ते ०.३५ मिलिमीटरच्या आत हवी. पिस्टनच्या खाचेतली बारीक पिन रिंगच्या दोन टोकांच्या मध्ये आलीच पाहिजे. ब्लॉक (सिलिंडर) पिस्टनवरून खाली सरकताना अडला, तर जोर लावू नका, रिंग तुटते. गजन पिनचे (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचे) लॉक नवेच घ्या, आणि ते लावताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. लॉक आत उडाला तर सगळं परत उघडावं लागतं. मुंबईच्या पावसाळी हवेत उघडा बोअर रात्रीत तांबूस होतो, त्यामुळे होनिंग करून (बोअर आतून घासून) आणलेल्या ब्लॉकला लगेच टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल, चोळलं.

हेडचे नट तिरक्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळले. मग हवा गळते का याची चाचणी. सायलेन्सरचं तोंड सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि लाकडी पट्टी लावून बंद केलं, ऑइलची बारीक नळी लागते ते तोंडही. प्लग जागेवर, पिस्टन तळाला. इनटेकच्या तोंडाला बूच आणि त्यातून रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा व काटा. काटा ३०० वर (पाऱ्याचे मिलिमीटर) येईपर्यंत हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी लावलं. सहा मिनिटांत काटा जेमतेम हलला तरच मी पुढे जातो.

क्रँकच्या दोन टोकांपैकी मॅग्नेटकडचा सील गळला तर बाहेरची हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, थ्रॉटल सोडूनही इंजिन जोरात फिरत राहतं आणि शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. क्लचकडचा गळला तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं. पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. कार्ब्युरेटरचे जेट बदलून यातलं काहीच सुटत नाही.

इंजिनाला टूटी पुरवणाऱ्या ऑइल पंपातली हवा काढली, तरी पहिल्या टाकीसाठी लिटरमागे ५० मिलिलिटर टूटी पेट्रोलमध्येच मिसळलं. पंपातून ऑइल येतंय याची खात्री होईपर्यंत हे सोडू नये. इंजिन एकदा नीट तापून पूर्ण थंड झालं, की हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा तपासले. दोन नट अजून थोडे आवळले गेले.