इटलीचा टोमॅटो न्हावाशेवाला उतरवताना

नारायणगावचा बाजार इतक्या जवळ असताना टोमॅटो इटलीहून कशाला, हा प्रश्न मला घरच्यांनी विचारला, बँकेतल्या साहेबांनी विचारला आणि ज्यांच्याकडून मी इतकी वर्षं क्रेट उचलत आलो त्या आडत्यांनीही विचारला. प्रश्न रास्तच आहे. आमचा कारखाना छोटा, चाकणजवळ. पिझ्झा आणि पास्त्याचा सॉस करून कॅफे-हॉटेलांना पुरवतो. आपल्याकडचा टोमॅटो भाजीचा. ट्रकमधून लांब जाऊनही फुटू नये अशा जाती शेतकरी लावतात, कारण बाजार तेच मागतो. त्याचा ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचा टक्का, चार-साडेचारच्या आसपास. बाकी सगळं पाणी. ते आटवायला गॅस जातो, वेळ जातो आणि तोवर रंगही काळवंडतो.

त्यात २०२३ साल आलं. जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून पुढे पळाला आणि सप्टेंबरात तोच मातीमोल झाला. शेतकऱ्याचं दोन्ही वेळी काय होतं ते मी जवळून पाहतो, त्यावर वेगळं लिहावं लागेल. माझ्यापुरतं सांगायचं तर हॉटेलवाल्याला वर्षभराचा एक दर देणं अशक्य झालं. तेव्हाच आयातीचं मनावर घेतलं.

आधी ताज्या टोमॅटोचीही चौकशी केली. त्या ऑगस्टमध्ये सरकारने नेपाळहून टोमॅटो आणायला सुरुवात केली होती, त्यामुळे आपणही आणू शकतो असं अनेकांना वाटत होतं. पण ताज्या मालाला प्लांट क्वारंटाइनचा, म्हणजे परदेशी रोगकीड रोखणाऱ्या सरकारी खात्याचा, आयात परवाना आधी काढावा लागतो, निघणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी, म्हणजे मालात रोगकीड नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं, बंदरावर तपासणी होते. शिवाय जनुकीय बदल केलेला नसल्याचं प्रमाणपत्र ज्या २४ पिकांना १ मार्च २०२१ पासून सक्तीचं आहे, त्यांत टोमॅटो आहे. आणि हे सगळं नासणाऱ्या मालासाठी, ज्याच्या फळांवर चट्टे पाडणारा रुगोज विषाणू युरोपात पसरलेला. मी तो विचार तिथेच सोडला. आणायचा तर डब्यातला आणि ड्रममधला.

इटलीत सरळ दोन पट्टे आहेत. उत्तरेला एमिलिया-रोमान्यात गोल टोमॅटो, त्याची पेस्ट आणि पल्प होतो. दक्षिणेला पुलियात, फोज्जाच्या आसपास, लांबट टोमॅटो पिकतो. तो सोलून अख्खा डब्यात भरतात, त्याला पेलाती म्हणतात. बरेचसे कारखाने सालेर्नोकडे, म्हणून माल त्याच बंदरातून निघतो. हंगाम जुलैअखेर ते सप्टेंबर. वर्षभराचा माल तेवढ्या आठवड्यांत भरला जातो, त्यामुळे उशिरा विचारणाऱ्याच्या वाट्याला उरलेली लॉट येतात.

मी दोन गोष्टी मागवल्या: अडीच किलोचे पेलातीचे डबे आणि पेस्टचे ड्रम. पेस्टच्या बाबतीत नुसतं ‘२८-३०’ लिहून भागत नाही. तो झाला ब्रिक्स. हॉट ब्रेक हवी की कोल्ड ब्रेक, हे सांगावं लागतं. टोमॅटो चिरडल्याबरोबर खूप तापवला तर पेक्टिन तोडणारी एन्झाइम मरतात आणि पेस्ट घट्ट राहते, केचपला चालते. कमी तापमानावर केली की रंग आणि चव चांगली, पण अंगाने पातळ. आम्हाला पिझ्झावर पसरून न ओघळणारा सॉस हवा, म्हणून हॉट ब्रेक. घट्टपणा बॉस्टविक नावाच्या उपकरणाने मोजतात: पेस्ट ठरलेल्या ब्रिक्सपर्यंत पातळ करून पन्हळीत ठेवायची आणि झडप उघडल्यावर ३० सेकंदांत किती सेंटिमीटर पुढे सरकते ते वाचायचं. हा आकडा करारात असलाच पाहिजे.

दुसरा मुद्दा उगमाचा. इटलीतून निघालेली प्रत्येक पेस्ट इटलीच्या शेतातली नसते. चीनमधून ड्रमने पेस्ट इटलीत येते, तिथे पुन्हा भरली जाते आणि पुढे जाते. चीनच्या शिनच्यांग प्रदेशातल्या सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या टोमॅटो उत्पादनांची आयात अडवली. कोणाच्या घामावर तो टोमॅटो पिकला, हे मला महत्त्वाचं वाटतं. म्हणून पिकाचा प्रदेश, हंगामाचं वर्ष आणि लॉट नंबर असलेलं लेखी पत्र आल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवली नाही. एका निर्यातदाराने ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ एवढंच कळवलं. त्याचा दर सगळ्यांत कमी होता, तरी त्याला नाही म्हटलं.

आता लेबल. या कामात माणसं सर्वांत जास्त इथेच अडकतात. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि लोगो, हिरवा शाकाहारी ठिपका एवढं कस्टम्सच्या ताब्यातल्या गोदामात स्टिकर लावून भागवता येतं. बाकीचं मुळातच डब्यावर छापून यावं लागतं. युरोपच्या डब्यावर बहुधा ‘अमुक तारखेपूर्वी वापरावे’ एवढंच असतं. आपल्याकडे उत्पादनाची तारीखही लागते. ती इथे चिकटवता येत नाही. कारखान्याला हे पटवायला बराच पत्रव्यवहार झाला, कारण त्यांच्या लेखी तो लॉट नंबर वाचला की तारीख कळते. शेवटी झाकणावर दोन्ही तारखा मारलेल्या डब्याचा फोटो आला, तेव्हाच मी भरणीला हो म्हटलं.

पैशांचा हिशोब असा. त्या वेळी कस्टम्सच्या यादीत २००२ या क्रमांकाच्या शीर्षकाखाली येणाऱ्या आमच्या मालावर मूळ सीमाशुल्क ३० टक्के, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि सगळ्यांवर १२ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे १०० रुपयांच्या मालावर ३३ रुपये खर्चाचे आणि १५.९६ रुपये आयजीएसटीचे. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण रोकड तर आधी घालावीच लागते. आणि ते १०० रुपये म्हणजे जहाजभाडं व विमा धरून झालेली किंमत. भाड्याची पावती दाखवता आली नाही तर एफओबी किमतीच्या, म्हणजे जहाजभाडं आणि विमा न धरलेल्या किमतीच्या, २० टक्के भाडं धरलं जातं, म्हणून जहाजाची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरचं बिल आधी हातात घ्यावं.

हे भाडंच आमच्या मुळावर आलं. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरपासून सुएझचा रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. आमचा कंटेनरही त्यात. भाडं वाढलं, आणि भाड्यावरही शुल्क असल्यामुळे शुल्कही वाढलं. इकडे हॉटेलवाल्यांचे फोन. त्या लांबलेल्या प्रवासात एक काम मात्र झालं: विश्लेषण प्रमाणपत्रावर भलताच लॉट नंबर पडला होता, तो कारखान्याकडून दुरुस्त करून घेतला. बंदरात आल्यावर हे सापडलं असतं तर तो दुरुस्त होईपर्यंत कंटेनरचं भाडं आणि सीएफएसचे, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाचे, पैसे चढत राहिले असते.

बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयात मालाचं विवरण, जहाज लागण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरलेलं असावं लागतं, नाहीतर विलंबाचा दंड. आमच्या सीएचएंनी, म्हणजे कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटांनी, ते आधीच भरलं. तिथून अर्ज आपोआप एफएसएसएआयकडे जातो: कागद तपासणी, फी, मग प्रत्यक्ष पाहणीची वेळ. पाहणीला मी स्वतः गेलो. अधिकारी मॅडमनी मागच्या रांगेतली खोकी काढायला लावली, डबे उलटेपालटे करून झाकणं फुगलीत का ते अंगठ्याने दाबून पाहिलं, तारखा वाचल्या, किती मुदत उरली ते पाहिलं. सोडवताना एकूण मुदतीपैकी ६० टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असावी लागते. डब्यांना भरपूर होती. नमुना दोन भागांत घेतला; एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा वाद झालाच तर फेरतपासणीसाठी राखून ठेवतात. शुल्क आधीच भरलेलं होतं, त्यामुळे ना हरकत मिळाल्यावर माल लगेच सुटला.

कारखान्यात पहिला डबा उघडून टोमॅटो चाळणीवर निथळत ठेवले. बोटभर लांब, अख्खे, सालीचा एखादाच तुकडा, रस दाट. निथळलेलं वजन डब्यावर छापल्याप्रमाणे भरलं. पेस्टही चांगली होती, रंगाला तर फारच.

तरी पुढच्या वेळेपासून ड्रम बंद केले. शुल्क आणि वाढलेलं भाडं धरून प्रति ब्रिक्स काढलेला दर चित्तूर-कृष्णगिरीकडच्या कारखान्यांच्या पेस्टपेक्षा खूपच चढा पडला, आणि आमच्या सॉसमध्ये लसूण-ओरेगॅनो पडल्यावर तो फरक जिभेला कळत नाही. पेलातीला इथे पर्याय मिळालेला नाही. ते मी मागवतो, आणि झाकणाचा फोटो अजूनही भरणीआधीच मागतो.