सौरज्वालेतील इलेक्ट्रॉन कसे मोजतात?

1859 च्या सप्टेंबरमधील प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत झाली होती आणि त्याआधी सूर्यावर एक ज्वाला उसळलेली दिसली होती, हे मुंबईतल्या व्याख्यानात सांगितले की श्रोत्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. पंधरा कोटी किलोमीटरवरच्या अशा ज्वालेत एका घन सेंटिमीटरमध्ये किती इलेक्ट्रॉन आहेत, हे तुम्ही इथे बसून कसे सांगता? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्वालेचे तापमान एक कोटी केल्व्हिनच्या घरात गेले की लोहाच्या पुष्कळशा अणूंनी 26 पैकी 20 इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. अशा आयनाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या, तळाच्या ऊर्जापातळीच्या थोडे वर आणखी काही पातळ्या असतात आणि तिथून प्रकाश टाकून खाली यायला त्याला तुलनेने बराच वेळ लागतो. वायू विरळ असेल तर जवळजवळ सगळे आयन तळाशीच राहतात आणि अतिनील वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरलेल्या प्रकाशात, 128.8 आंगस्ट्रॉम तरंगलांबीची तेजस्वी रेषा ठळक दिसते (आंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). इलेक्ट्रॉनांची दाटी वाढली की टकरी वाढतात, वरच्या पातळ्यांत आयन साठू लागतात आणि तिथून उत्तेजित होणाऱ्या आयनांमुळे 145.7 आंगस्ट्रॉमची रेषा पहिलीच्या तुलनेत उजळते. या दोन रेषांच्या तेजाचे गुणोत्तर म्हणजेच घनतेचे माप. दोन्ही रेषा एकाच आयनाच्या असल्यामुळे ज्वालेत लोह किती आणि ज्वाला केवढी, हे दोन्ही प्रश्न भागाकारातच मिटतात आणि तापमानाचा परिणामही फारसा उरत नाही. या पद्धतीवरचा माझा विश्वास मुख्यतः त्यामुळेच आहे.

हा प्रकाश पृथ्वीचे वातावरण शोषून घेते, म्हणून मोजणी अवकाशातूनच करावी लागते. 2010 मध्ये सोडलेल्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या सूर्यनिरीक्षक यानाने घेतलेल्या वर्णपटांवरून मोठ्या ज्वालांमध्ये घन सेंटिमीटरला दहा हजार कोटींपासून एक लाख कोटींपर्यंत इलेक्ट्रॉन आढळले. शांत करोनात, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणात, हा आकडा शंभर कोटी किंवा त्याहूनही कमी असतो.

हा आकडा हाती नसेल तर ज्वालेचे तेज फसवे ठरते, कारण ते घनतेच्या वर्गावर (घनता गुणिले घनता) आणि आकारमानावर अवलंबून असते. लहानशी दाट ज्वाला आणि मोठी विरळ ज्वाला सारख्याच तेजस्वी दिसू शकतात. दाट वायू प्रकाश टाकून लवकर निवतो, त्यामुळे ज्वाला किती काळ टिकेल याचा हिशेबही घनतेवाचून होत नाही.

मात्र सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीवरचा वर्णपटमापक सगळ्या सूर्याचा प्रकाश एकत्रच घेतो, त्यामुळे मिळणारी घनता सरासरीची असते आणि ती सरासरी दाट, अधिक तेजस्वी भागांकडे झुकते. 2013 मध्ये सोडलेल्या आयरिस या सूर्यनिरीक्षक यानाची प्रकाश आत घेणारी फट अरुंद आहे, म्हणून तिच्यातून ज्वालेचा एकेक भाग वेगळा पाहता येतो. तिथे 1400 आंगस्ट्रॉमजवळच्या ऑक्सिजनच्या रेषा वापरतात, पण 1404.8 च्या रेषेत गंधकाची रेषा मिसळलेली असते; तिचा वाटा वजा केल्याखेरीज त्या रेषेवरून काढलेली घनता मी ग्राह्य धरत नाही.