ड्रमसेट विकला

"ड्रमसेट विकला बे. दोन्ही पायांनी वाजवायचं डबल पेडल तेवढं ठेवलंय." सोलापूरच्या अशोक चौकात चहा पिताना मित्र सहज बोलून गेला. दुपारपासून ते डोक्यातून जात नाहीये.

चार पोरांचा हेवी मेटल, म्हणजे जड आवाजाच्या रॉक संगीताचा बँड. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं, अजून एक-दोन ठिकाणी. मग बेसवाला पुण्याला, गिटारवाला बेंगळुरूला. संपलं.

हा ड्रमवाला इथंच, वडिलांच्या यंत्रमागावर. म्हणाला, "माग सुरू झाला की पाय आपोआप हलतो बघ."

हे संगीत घडलंच इंग्लंडातल्या कारखान्यांच्या बर्मिंगहॅममध्ये. तिथल्या ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीननं तुटली. त्यानं बोटांना प्लास्टिकच्या टोप्या केल्या, पुढं तारा सैल केल्या, आणि आवाज आणखी जड झाला. १९७० साली त्यांचा पहिला अल्बम आला. मग गिरण्यांच्या, चादरींच्या सोलापुरात हे परकं कसं?

पोरं खरंच चांगली वाजवायची. फक्त सरावाला जागा नव्हती, शेजारी ओरडायचे. मिरवणुकीतला डीजे मात्र आपण सगळे निमूट ऐकतो.

नवी पोरं आजही गिटार शिकतायत. एमआयडीसीतली एखादी बंद शेड संध्याकाळी दोन तास त्यांना कुणी देईल का?