ओल येते मे महिन्यात

४७ अंशांचा उन्हाळा सांगताना नागपूरकराची छाती फुगते. कपाटामागची काळी बुरशी मात्र पाहुणे यायच्या आत झाकायची असते. मला विचाराल तर दोन्ही एकाच हिशेबातल्या गोष्टी. आमच्याकडे घर जुलैत भिजतं, पण बिघडतं मे महिन्यातच. पाऊस नुसता वसुलीला येतो.

२०२३च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत रातोरात पाणी शिरलं, ते संकट निराळं. मी म्हणतेय ते रोजच्या झिरपण्याचं.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापून पसरतो, रात्री आकसतो. महिनाभर हे चाललं की कठड्याच्या बुडाशी बारीक भेग पडलीच म्हणून समजा. खाली आपली काळी माती. उन्हात आकसते, पावसात फुगते आणि पाया उथळ असला की भिंतीलाही हलवते. कोकणात पाऊस आपल्या दुपटी-तिपटीने, पण उतरत्या कौलांवर पाणी थांबत नाही. आम्हाला सपाट गच्ची हवी, कारण उन्हाळ्यात वर खाटा टाकायच्या असत. आता सगळे एसीत झोपतात, गच्ची तेवढी सपाट राहिली.

आणि कूलर! खिडकीतला कूलर होळीपासून खालच्या भिंतीला पाणी पाजत असतो. मृग लागून हवा दमट झाली तरी घरातले वडीलधारे तो बंद करू देत नाहीत. दमट हवेत पाणी उडत नाही, त्यामुळे गारवा शून्य आणि ओल तेवढी घरभर. शेवटी कूलर हलवावा, तर मागे पांढरा खार फुटलेला. रंगाच्या फुग्याला नख लावलं की तळहाताएवढा पापुद्रा निघून येतो आणि आतली ओली रेती पायावर सांडते.

दिवाळीच्या तोंडावर रंगारी म्हणतो, "काकू, पुट्टी मारून देतो, काहीच दिसणार नाही." खरं आहे, दिसत नाही. पण ओल्या भिंतीवर रंग चढवला की आतलं पाणी वाट शोधतं आणि पुन्हा फुगे येतात. त्यापेक्षा आधी गळती शोधावी, मग ऑक्टोबरच्या उन्हात भिंत खडखडीत वाळू द्यावी. दिवाळी एक वर्ष पोपड्यांसकट झाली तर लक्ष्मी काही परत जात नाही.

गळती शोधायची तर मे अखेरीस. गच्चीच्या पाइपात चिंध्यांचा बोळा कोंबायचा, दोन इंच पाणी तुंबवायचं आणि एक दिवस-रात्र खालचं छत न्याहाळायचं. मात्र त्या दिवसांत नळाला पाणी बेताचं, त्यामुळे शेजारच्या गच्चीवरून हाक येतेच, "काहून पाणी नासवता हो काकू?"

सगळ्यात अवघड प्रकरण पिंपळाचं. पक्षी बी टाकतात, भेगेत रोप उगवतं, मुळं भेग रुंदावतात. मिस्त्री सिमेंट घेऊन तयार असतो, पण पिंपळाला हात लावायला धजत नाही. आमच्या बिल्डिंगीत यावर तोडगा निघाला. रोप बोटभर असतानाच हात जोडून अलगद उपटायचं आणि कोपऱ्यावरच्या मंदिराच्या आवारात लावायचं. हल्ली कुंडी घेऊन आम्ही दिसलो की पुजारीबुवा फाटक लावून घेतात.